मागेतच्या अंगणातली खरवड

न्दार, १० रजब १४१०
(फेब्रुवारी १९९०)

बिराम यास,

शांती असो. तुझे पत्र पोचले. टपालाचे तिकीट लावलेले होते, एवढ्याच कारणाने मी त्याला पत्र म्हणतो. मुलगी न्दारला येत आहे. तीन आठवडे राहील. बेटावरच्या जुन्या घरांच्या लाकडी सज्ज्यांची मापे घेणे हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे. कुठे जेवावे व कुठे फिरावे ते तिला सांगावे. खाली सही, 'बिराम न्जाय'. धाकट्या भावाने थोरल्याला आडनावासकट सही केली आहे, जणू या शहरात माझ्या ओळखीचे बिराम पुष्कळ आहेत.

असो. मशिदीत नमाज पढवणाऱ्या आणि चाळीस वर्षे मुलांकडून पवित्र वचने घोकून घेणाऱ्या माणसाला तू खानावळींचे पत्ते विचारतोस, याचा मी राग मानीत नाही. ईश्वराचे मित्र म्हणवलेल्या त्या पैगंबरांनी दारी आलेल्या अनोळखी पाहुण्यांना नावगाव विचारण्याआधी भाजलेले वासरू पुढे ठेवले होते. अन्नाची चौकशी ही हलकी चौकशी नव्हे. म्हणून उत्तर देतो.

सकाळी पुलाच्या बेटाकडल्या टोकाशी बोकारच्या बाकावर बसावे. जुना बोकार निवर्तला. आता त्याचा मुलगा बसतो, त्याचेही नाव बोकारच. बाक तोच, आणि पावात भरलेली चवळीची उसळही तीच, फक्त मिरची थोडी कमी झाली आहे म्हणतात. दुपारचा प्रश्न उद्भवत नाही. दुपारी घर आहे. तिसऱ्या प्रहरीची नमाज झाली की इस्त्रीचे कपडे घालून नदीकाठाने दक्षिण टोकापर्यंत चालत जावे. बायका अजून तशाच नटून निघतात, आणि पुरुष अजून तसेच त्यांच्याकडे न पाहिल्यासारखे पाहतात. संध्याकाळी उत्तरेकडच्या मशिदीच्या मागच्या गल्लीत चवळीचे वडे तळले जातात, ते उभ्यानेच खावेत. रात्री बाजरीची लापशी आणि विरजलेले दूध, कुणाच्याही दारात.

नदीपलीकडच्या मूर लोकांच्या मांस भाजण्याच्या भट्ट्या मात्र बंद आहेत. गेल्या वर्षी दोन्ही काठांवर रक्त सांडले, त्यानंतर ते पलीकडे निघून गेले. भट्टीवाल्या अहमदूची पितळी परात आमच्याकडे राहिली आहे. तो आला की द्यायची म्हणून तुझी वहिनी ती दर शुक्रवारी घासते.

गेत-न्दारच्या कोळीवाड्यातले ते वाळूचे अंगण मी मुद्दाम सांगत नाही. मी तिथे जात नाही.

मासांबा न्जाय

*

न्दार, १९ रजब

बिराम,

तुझी मुलगी सुखरूप पोचली. डाकारची गाडी उशिरा आली आणि मी मोटारतळावर उन्हात उभा होतो. उंच, खांदे तुझ्यासारखे किंचित पुढे झुकलेले, पाठीवर मोजपट्ट्यांची पिशवी. तिने हात पुढे केला आणि नाव सांगितले. खुदिया.

तू पत्रात 'मुलगी' एवढेच लिहिले होतेस.

मी टोपी काढून कपाळ पुसले. उन्हामुळे, असे मी तिला सांगितले. मग म्हणालो, "ये आई, सामान दे."

तिने मागे वळून पाहिले. "काका, आई कुठाय? मला तर कोणी दिसत नाही."

"तूच. माझ्या आईचं नाव तुला ठेवलंय, म्हणजे तू माझी आई. आणि काका म्हणू नकोस. बापाचा थोरला भाऊ म्हणजे मोठा बाप. मोठे बाबा म्हण."

"म्हणजे तुम्ही माझे बाबा आणि मी तुमची आई?"

"हो."

"मग रागवायचं कुणी कुणावर?"

"ते प्रसंग पाहून ठरवू."

तिची आपली भाषा स्वच्छ आहे. काही शब्द तर इतके जुने, की इथल्या मुलांना ते आता कळत नाहीत. ते तिला तुझ्याकडून मिळाले असणार, आणि तुला आईकडून. आपल्या आईला जाऊन इतकी वर्षे झाली, पण चुलीपाशी वाकून "हळू, हळू, भाताला कळतं" असे तिने म्हटलेले मी परवा या मुलीच्या तोंडून ऐकले. वहिनीने हातातला डाव खाली ठेवला.

पहिल्या दिवशी परातीभोवती बसलो तेव्हा तिने हात लांब करून थेट माझ्या पुढ्यातले गाजर उचलले. घरातली पोरे हसू लागली. वहिनी म्हणाली, "राहू दे गं बाई, पण आपल्या पुढ्यातलं खायचं असतं. पलीकडचं हवं असलं तर माझ्याकडे बघ, मी सरकवते." आणि माशाचा गालाकडचा तुकडा तोडून तिने मुलीसमोर ढकलला.

"बाबा असंच करतात," ती म्हणाली. "आमच्याकडे ताटं वेगवेगळी असतात ना, तर ते आपल्या ताटातला मासा तोडतात आणि मला द्यायला टेबलावरून हात लांब करतात. आई ओरडते, रोज टेबलाच्या कापडावर डाग पडतात म्हणून."

मी भात मळत राहिलो.

बोकारच्या बाकावरही नेले. मला पाहून तो किटली उचलायचीच विसरला. "इमामसाहेब, तुम्ही? इथे? आज कयामत आहे आणि मला कुणी सांगितलंच नाही?"

"कयामतीच्या दिवशी तुला आधी दुधात पाणी किती घातलंस ते विचारतील. दोन पाव दे."

"मिरची?"

"तुझ्या बापाइतकी."

"बापाची मिरची खाऊन तुम्ही रडायचात म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"बापानंच. म्हणायचा, दोघे भाऊ शेजारी बसून रडायचे आणि दोघांतला एकही पाणी मागायचा नाही."

खुदिया खूप हसली. नंतर तिने तो पाव शेवटपर्यंत खाल्ला, डोळे वाहत होते, पण पाणी मागितले नाही.

रानात आकाशातून उतरणारे अन्न मिळत असताना ज्या लोकांनी कांदा आणि मसूर मागितले, त्यांची कृतघ्नता मी प्रत्येक वर्गाला शिकवली आहे. त्या सकाळी बाकावर बसून मला त्यांच्याविषयी थोडी दया वाटली. त्यांना भूक नव्हती, त्यांना आठवण होत होती, असे आता वाटते. विद्वानांनी याविषयी काय म्हटले आहे ते पाहायला हवे.

तुझा भाऊ,
मासांबा

*

न्दार, २७ रजब

बिराम,

आज मेअराजची रात्र, पैगंबरांच्या स्वर्गारोहणाची. मशिदीत जाण्याआधी हे लिहून ठेवतो, कारण मनात काही ठेवून त्या रात्रीच्या नमाजेला उभे राहणे मला जड जाते.

तुझी मुलगी सज्जे मोजते. मी खाली उभा राहून पट्टीचे टोक धरतो. लोक म्हणतात, इमामसाहेबांनी म्हातारपणी सुतारकी धरली. उन्हे उतरली की आम्ही काठाने फिरतो. तिने लाल किनारीचा निळा पायघोळ बुबू शिवून घेतला आहे. शिंप्याने बाह्या इतक्या रुंद कापल्या की त्या खांद्यावर कशा टाकायच्या हे वहिनीला शिकवावे लागले.

काल ती म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही मला सगळं दाखवलंत, पण तुमची स्वतःची फिरायची जागा कुठली?"

मी तिला भिंतीपाशी नेले. कस्टमच्या जुन्या गोदामामागची, तुला ठाऊक आहे. आतल्या नाचघरात वाद्यवृंदाचा सराव अजून त्याच वेळी चालतो. आपण तिथे टेकून क्युबाची गाणी ऐकायचो आणि त्यातला एकही शब्द कळत नसल्यामुळे ती गाणी देवाच्या स्तुतीची आहेत असे मी ठरवून टाकले होते. मी अजून जातो. आत गेलेलो नाही. तुतारी वाजवणारा पोरगा दारातून म्हणाला, "इमामसाहेब, आत या की, खुर्ची आहे."

"नको. मी जरा कुणाची वाट पाहतोय."

"काल पण म्हणालात. परवा पण."

"मग काय झालं? वाट पाहायला बंदी आहे?"

खुदियाने माझ्याकडे पाहिले. परतताना पुलावर थांबली आणि म्हणाली, "बाबांनी मला इथली एकच जागा सांगितली होती. मागेतचं अंगण. म्हणाले, बाकी दादा दाखवेल, पण तिथे जेवल्याशिवाय येऊ नको. तुम्ही कुठेही नेता, तिथे का नेत नाही?"

मी खोटे बोललो नाही. "लांब आहे," म्हणालो. पण कोळीवाडा पुलाच्या पलीकडेच, आम्ही उभे होतो तिथून चुलींचा धूर दिसत होता. तिने धुराकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग मी तिला सांगितले. तिला जे सांगितले तेच तुला लिहितो, म्हणजे माझ्या पाठीमागे माझे शब्द बदलले, असे व्हायला नको.

मी म्हणालो: उजवा हात हा आपल्या धर्मात मानाचा. उजव्या हाताने जेवावे, उजव्याने द्यावे, उजव्याने भेटावे. न्यायाच्या दिवशी ज्याच्या उजव्या हाती त्याच्या कर्मांचा लेखा पडेल तो सुखी, हे मी मुलांना शिकवतो. पण आपल्या मुलखात एका प्रसंगी हे उलटे होते. माणूस दूर निघाला की त्याला डावा हात द्यायचा. तो अपमान आहे, दोघांनाही ठाऊक असते की अपमान आहे, आणि म्हणूनच द्यायचा; कारण झालेली ही चूक दुरुस्त करायला त्याला परत यावे लागते, उजवा हात देण्यासाठी. ज्याला परत यायचे नाही तो निघताना उजवाच हात देतो. सगळे तिथेच चुकते झाले, मागे काही राहिले नाही, असा त्याचा अर्थ.

तू निघालास त्या सकाळी स्थानकावर अर्धी गल्ली आली होती. आईने तुझ्या पावलांवर पाणी ओतले. मी डावा हात पुढे केला. तू उजवा दिलास. माझा डावा हात तसाच अधांतरी राहिला आणि तुझ्या उजव्याने माझे मनगट धरले. लोकांनी पाहिले. आईनेही पाहिले. दोन वर्षांनी ती गेली आणि तू येऊ शकला नाहीस. कागदपत्रे अडली, असे लोक म्हणाले. मी म्हणालो, त्याने उजवा हात दिला होता.

तू मदरसा सोडून जाऊ नयेस, अशी माझी इच्छा होती. ती लपून नव्हती. म्हणून त्या हाताचा अर्थ मला लगेच कळला, असे मला वाटले. नंतर तुझी पत्रे आली. ती जपून ठेवली आहेत.

खुदिया कठड्याला टेकली आणि म्हणाली, "पण मोठे बाबा, तिकडे फ्रान्समध्ये सगळे उजवाच हात देतात."

"तो तिकडे पोचला नव्हता अजून."

"बाबा म्हणतात, मी सहा पत्रं टाकली. ज्या घरातून उत्तर येत नाही, त्या घराचं दार कसं ठोठावायचं? म्हणून ते येत नाहीत. येणारही नाहीत. मला पाठवलंय." मग पुढे म्हणाली, "मी सज्जे तिथल्या फोटोंवरूनही मोजू शकले असते."

मी मशिदीकडे चालू लागलो. नमाजेची वेळ झाली होती. खरोखरच झाली होती.

मासांबा

*

न्दार, ६ शाबान

बिराम,

आज आम्ही मागेतकडे जेवलो.

जायचे मी ठरवले नव्हते. सकाळी खुदियाने टोपी घातली, चप्पल पायात सरकवली आणि वहिनीला म्हणाली, "मी आज बाहेर जेवते. ज्यांना माझ्या मागून यायचंय त्यांनी यावं." वहिनीने माझी काठी आणून दारात ठेवली. आपल्या घरातल्या बायका एकमेकींत कधी ठरवतात ते मला आजवर कळलेले नाही.

अंगण आहे तसेच आहे. एका बाजूला होड्यांची नाके, रंगवलेली. वाळूत खवले चमकतात. तीन दगडांवर ते अजस्र पातेले. मागेत आता स्टुलावर बसून हुकूम सोडते, लेकी रांधतात. तिचे दात गेले आहेत, जीभ शाबूत आहे. मला दारात पाहून ती क्षणभर थांबली आणि मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असे म्हणाली, "पोरींनो, न्जाय आलाय. झाकणं दाबून धरा."

"जोपांच्या घरी झाकायला काही असतं, हे आज कळलं," मी म्हणालो.

"असतं म्हणून तर न्जाय येतात. तुमचा आजा आमच्या आज्याची घोडी राखायचा."

"राखावीच लागायची. घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे जोपांना सांगायला कोणीतरी हवं होतं."

जेवणारे कोळी हसू लागले. खुदियाने माझी बाही ओढली. "मोठे बाबा, भांडण झालंय का?"

"नाही, आई. ही जोप, आपण न्जाय. या दोन आडनावांची माणसं भेटली की असंच बोलायची जुनी रीत आहे. गोड बोललो असतो तर भांडण आहे असं लोक समजले असते."

ते शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मला असे कुणी बोलून बरेच दिवस झाले होते. इमामाला सगळे गोडच बोलतात.

आम्ही वाळूत बसलो. आमच्यापुढे परात आली. भात लाल, कोबी, गाजर, कसावा, आणि मधोमध मुलेट मासा, पोटात हिरवे वाटण भरलेला. मागेत स्टूल ओढत जवळ आली. "ही पोरगी कुणाची? खांदे ओळखीचे वाटतात."

"बिरामची."

मग ती पुढे वाकून मुलीला म्हणाली, "तुझ्या बापाचा तळवा नीट भरला का गं? डावा?"

मी घास हातात धरून बसलो.

"डाव्या तळव्यावर डाग आहे त्यांच्या," खुदिया म्हणाली. "चंद्रकोरीसारखा. मी लहानपणी विचारायचे, तर म्हणायचे, हा न्दारचा नकाशा आहे."

"कसला नकाशा. माझ्या पातेल्याचा काठ आहे तो."

आणि मग तिने सांगितले. तुला हे ठाऊक आहे, तरी मी लिहितो. कारण मला ठाऊक झाले, हे तुला ठाऊक व्हायला हवे. निघण्याच्या आदल्या दुपारी तू एकटाच तिच्याकडे आलास. मी बरोबर नव्हतो. पोटभर जेवलास आणि तरी पातेल्याच्या तळाची खरवड मागितलीस. ती म्हणाली, थांब, पातेले अजून विस्तवावर आहे. तू थांबला नाहीस.

"उजवा हात भातानं माखलेला," मागेत म्हणाली, "आणि तुमच्या शाळेत शिकलेला पोरगा. जेवता हात पातेल्याला कसा लावेल? डावा घातला. सरळ काठावर. कातडं तिथंच राहिलं बघा, खरवडीला चिकटून. न्जायची हाव. मी लोणी थापलं, चिंधी गुंडाळली, म्हटलं, जा, थोरल्याला दाखव, तो एखादं वचन म्हणून फुंकर घालेल. तर माझे पाय धरले त्यानं. मावशी, तुला तुझ्या आईची शपथ, दादाला सांगू नकोस. प्रवासाच्या तोंडावर जखम झाली हे त्यानं पाहिलं, की तो ग्रंथ उघडणार. त्यानं ग्रंथ उघडला की डाकारची बोट सुटणार."

बिराम, तुझा अंदाज बरोबर होता. मी ग्रंथ उघडला असता. मी प्रवासाचा दिवस बदलला असता, आणि बोट गेली असती, आणि तू आज मदरशात माझ्या शेजारी बसून मुलांच्या पाट्या तपासत असतास, आणि ही मुलगी नसती.

आणि त्या सकाळी तुझ्या अंगावर पांढरा बुबू होता. डावी बाही तू खांद्यावर टाकली नव्हतीस. बोटांच्याही खाली सोडली होतीस. मी इतकी वर्षे तुझा उजवा हात आठवत राहिलो. त्या बाहीकडे मी कधी पाहिलेच नाही, आणि तरी ती माझ्या डोळ्यांत होती. मागेतने 'डावा' म्हणताच दिसली.

"मग इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?" मी विचारले.

"कुणाला बोलू? त्या दिवसानंतर माझ्या दारात पाऊल टाकलंत? मी म्हटलं, माणूस इमाम झाला, आता वाळूत बसून जेवायची लाज वाटते. आणि शपथ होती. आता त्याची बोट काय चुकणार आहे?"

खुदिया माझ्याकडे पाहत नव्हती. परातीकडे पाहत होती. मग तिने मासा तोडला, नीट, काटा बाजूला काढून, आणि तो मोठा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला. परातीतले वाटप घरच्या वडीलधाऱ्या बाईने करायचे असते. तिने ते केले. नाव तिचे आहे, तिचा अधिकार आहे.

मी खाल्ले. मग मागेतला म्हणालो, "खरवड आहे का?"

"आहे. पण न्जायला ती मी हातात देत नाही. चमच्यावर देते. एकदा शिकलेय."

हरवलेल्या लाडक्या मुलाच्या शोकात दृष्टी गेलेल्या त्या वृद्ध पैगंबरांना दूरवरून त्याच्या सदऱ्याचा वास आला आणि घरचे म्हणाले, तुमचा जुना भ्रम अजून गेला नाही. मला तो प्रसंग नेहमी सदऱ्याचा वाटत आला होता. आज करपलेल्या भाताचा वास हातांना आहे. नमाजेसाठी दोनदा हात धुऊन वजू केला, तरी पूर्ण गेलेला नाही. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

दादा

*

न्दार, ११ शाबान

बिराम,

तुझी मुलगी आज गेली. हे पत्र ती घरी पोचल्यानंतर आठवड्याने तुला मिळेल, तोवर तिने तुला सर्व सांगितले असेल. तिची जीभ मागेतच्या वळणावर गेली आहे. तरी काही गोष्टी मोठ्या भावाने स्वतः लिहायच्या असतात.

तिच्या पिशवीत वहिनीने सुकवलेला मासा, बाजरीचे पीठ आणि बोकारच्या मिरचीची पुडी घातली आहे. मिरची तुझ्यासाठी. पाणी न मागता खा.

मोटारतळावर गर्दी होती. वहिनीने तिच्या पावलांवर पाणी ओतले. मी डावा हात पुढे केला. शेजारी एक तरुण उभा होता, परदेशी शिकून आलेला, दाढी नवी. तो आदराने म्हणाला, "इमामसाहेब, माफ करा, पण डावा हात देणं सुन्नतीच्या, पैगंबरांच्या रीतीच्या, विरुद्ध आहे."

"आहे," मी म्हणालो. "म्हणूनच देतो."

तो अवघडला. मी त्याला म्हणालो, "शुक्रवारी ये, बसून बोलू. आत्ता माझी आई चालली आहे." त्याने खुदियाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुढे काही न विचारता तो आपल्या गाडीकडे गेला. माझ्या बुद्धीविषयी शहरात आता चर्चा होईल.

खुदियाने डावा हात दिला. मोजपट्टीने पडलेले घट्टे आहेत तिच्या बोटांना. मी तो सोडला आणि डावा हात पुन्हा पुढे केला.

"दिला ना एकदा, मोठे बाबा."

"तो तुझा. तू त्याची चूक दुरुस्त करायला येशील. हा दुसरा."

"दुसरा कुणाचा?"

"तुझ्या बापाचा. स्थानकावर द्यायचा राहिला होता. नेशील?"

तिने दुसऱ्यांदा हात धरला, या वेळी बराच वेळ. "आणि पोचवू कसा?"

"हातातून हातात. डाव्यातून डाव्यात. डागावर."

तिने मूठ मिटली आणि तशीच गाडीत बसली. ड्रायव्हरने तिकीट मागितले तेव्हा तिने पिशवी उजव्या हाताने आणि दातांनी उघडली. डावी मूठ सोडली नाही. गाडी पुलावर चढेपर्यंत मला ती खिडकीत दिसत होती.

आता तुझ्या सहा पत्रांविषयी. ती मी काल रात्री पुन्हा वाचली. तू पहिल्यात विचारले आहेस, गल्लीतल्या कडुनिंबाला पालवी आली का. आली. दुसऱ्यात विचारले आहेस, मदरशात मुले किती. पुष्कळ, आणि त्यांतली निम्मी झोपतात. बाकीच्यांची उत्तरे पत्रात मावणार नाहीत. तुला हात का देता आला नाही ते मला कळले. तो द्यायचा होता का, हे मी विचारीत नाही. ज्याने मुलीला ते नाव दिले, त्याला हे विचारणे योग्य नव्हे.

रमजान जवळ आला आहे. त्यानंतर ईद, आणि नंतर बकरी ईद. बकरा मी पाहून ठेवला आहे, पांढरा, एक कान काळा. तो दोन भावांच्या नावाने घेतला आहे. मी एकट्याने कापला तर ते खोटे बोलल्यासारखे होईल. अहमदूची परातही घासून ठेवली आहे. तुझी वहिनी म्हणते, तोवर तो आला नाही तर पहिल्या दिवशी तुम्ही दोघेच तिच्यात जेवा. तो आला तर तिघे.

बोट आता नाही, विमान आहे. ग्रंथ मी उघडणार नाही. तू निघशील तो दिवस शुभ समजतो.

तुतारी वाजवणाऱ्या पोराला सांगितले आहे, की बकरी ईदच्या सुमारास आम्ही आत येऊ. त्याने विचारले, आम्ही म्हणजे किती खुर्च्या? मी दोन सांगितल्या.

माझा डावा हात आता तुझ्याकडे आहे. उजवा इथे येऊन घे.

तुझा दादा